‘गाभ्रीचा पाऊस’ गावात दाखवावा का?

तेरणाकाठ:
मंडळी, एक सल्ला पाहिजे. आमच्या गावात (औसा तालुका) सप्त्याचा काला झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं शाळेच्या भिंतीवर पडदा लावून सिनेमा दाखवतो. दोन वर्षं विनोदी लावले, लोक खूश. यंदा माझ्या डोक्यात सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आहे, २००९चा. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विदर्भातला शेतकरी किसना (गिरीश कुलकर्णी). शेजारचा माणूस आत्महत्या करतो, आणि किसनाच्या बायकोला, अलकाला (सोनाली कुलकर्णी), धास्ती बसते की आता आपल्या घरचा नंबर. ती त्याला एकटं सोडत नाही, पोराला मागं लावून देते, आवडीचं करून घालते. त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही की हे लाड कशापायी चाललेत. मध्येच हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते.

आधी घरी लावून बघितला. पुण्याहून आलेला मावसभाऊ म्हणाला, “चांगलाय, पण लई संथ. आणि गाव म्हटलं की मरणच का रे दाखवता?” वहिनी रडली. आई डाळ पाखडत बसली होती. अलका पोराला बापामागं पाठवते तिथं सुपाचा आवाज थांबला. मग उठून आत गेली ती आलीच नाही. अण्णा उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत बघत होते. उठताना एवढंच म्हणाले, “बाई बरोबर दाखवलीय.”

आता सांगा, गावात लावू का नको?

परळीचे मास्तर:
नको. मी वर्गात एकदा असाच एक सिनेमा लावला होता, नाव सांगत नाही. तिसऱ्या बाकावरचं लेकरू मान खाली घालून पट्टीनं बाक खरडत बसलं. त्याच्या घरी काय झालंय हे मला हजेरीपटापासून माहीत होतं, तरी लावताना सुचलं नाही. तुमच्या गावात अशी किती घरं आहेत ते आधी मोजा. अंधारात सगळ्या गावासमोर त्यांना तिथं बसवणार का?

जालनेकर, मुक्काम पुणे:
तुमच्या मावसभावाच्या बाजूनं एक मत. सिनेमा वाईट नाही, पण भेगाळलेली जमीन दिसली की मला आता राग येतो. एप्रिल २०१६ला लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या आठवड्यात ऑफिसात एकानं मला विचारलं, “तुमच्याकडं आंघोळ करतात का रे?” मी जालन्याचा, लातूर दोनशे किलोमीटरच्या वर लांब! मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. आमच्या मोसंबीच्या बागेवर कुणी सिनेमा काढत नाही. बागही वाळलीच होती त्या वर्षी, ते सोडा.

दावण:
मी उदगीरकडची. माझ्या घरी हे झालंय, म्हणून लिहिते.
हा सिनेमा मी बहिणीच्या मोबाईलवर बघितला, तीन बैठकींत. लोक दुःखी दुःखी म्हणतात, मला त्यातली अलका नशीबवान वाटली. तिला भीती तरी वेळेवर वाटली. मला काहीच कळलं नव्हतं, आदल्या दिवशी आम्ही बाजारातून मिरचीची रोपं आणली होती.
नंतरचं कुणी दाखवत नाही. सरकारची मदत एक लाखाची, तीस हजार हातात, सत्तर हजार बँकेत ठेव. पण आधी प्रकरण पात्र ठरावं लागतं. आमचं कर्ज होतं बिगरपरवान्याच्या सावकाराचं, कागदच नाही. अपात्र. पैशापेक्षा तो शब्द लागतो. नवरा अपात्र झाला म्हणजे काय?
दाखवायचाच असेल तर बायकांना वेगळा दाखवा, दुपारी, आणि पुरुष नकोत. ज्यांच्या घरी होऊन गेलंय त्यांना आधी जाऊन सांगा की सिनेमा कशावर आहे. यायचं का नाही ते त्या ठरवतील.

तेरणाकाठ:
ताई, मास्तर, पडद्याचं रद्द केलं. पोरांनी सुस्कारा सोडला, त्यांना विनोदीच पाहिजे होता.

जालनेकर, तुमचा राग कळतो. पण आमच्या घरी जे झालं ते सांगतो. काल अण्णांबरोबर हरभऱ्याला पाणी देत होतो. बारं मोडता मोडता त्यांनी विचारलं, “तू आठवीत असताना शाळा सुटली की माझ्यासंगं रानात का येत होतास?”
म्हटलं, “आईनं पाठवलं होतं. तुमचा गुडघा दुखतोय, म्हणाली, डबा धरायला जा.”
अण्णा खोऱ्यावर हात ठेवून हसले. “माझा गुडघा कवा दुखत होता?”

ते साल २०१५. सोयाबीन गेलं होतं, बोअरही. मला आठवतो तो फक्त डबा, त्याची कडी सैल होती आणि वाटभर वाजायची.

दावण ताई, तुम्ही म्हणता तसं करतोय. रविवारी दुपारी आमच्याच घरी, टीव्हीवर, फक्त बायका. दोन घरी वहिनी स्वतः जाऊन सांगून आली, एक येते म्हणाली. आईला विचारलं. ती म्हणाली, “चहा मी करीन. पण मी चुलीपाशीच बसणार.”