नवी गाडी, जुना थाट: पहिल्या हजार किलोमीटरचे अनुभव

काल संध्याकाळी फाटकाबाहेरून कुणाची तरी जुनी येझदी मोटरसायकल गेली आणि हातातलं काम तसंच राहिलं. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि तो टणटणीत टू-स्ट्रोक आवाज. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळायचं. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण ज्यांनी त्या गाड्या जपल्या त्यांच्या अजून पळतायत.

आता त्याच थाटाच्या नव्या गाड्या दिसतात. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० आणि बुलेट, होंडाची हायनेस, नवी जावा, ट्रायम्फची स्पीड ४००. दिसायला जुन्या, पोटात सगळं नवं. घेणाऱ्याची पहिल्या महिन्यात गल्लत होते ती इथेच. जुन्या बुलेटचे नियम नव्या इंजिनाला लावले जातात, आणि जे नियम अजूनही खरे आहेत (चेन, स्पोक, क्रोम) ते कुणी सांगतच नाही. म्हणून हा धागा. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काय तपासावं, काय बिघडतं आणि का, ते लिहा.

सुरुवात मी करतो. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८५.८ मिमी. स्ट्रोक लांब, म्हणून २७ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायची ताकद) ४००० आरपीएमलाच मिळतो. त्या जोरावर बरेच जण पाचव्या गिअरमध्ये ३०-३५ नं गाडी ओढतात. असं करू नका. चेन झटके देते, बेअरिंगवर भार येतो आणि रनिंग-इनमध्ये (नवं इंजिन रुळवायच्या काळात) तर हे जोरात पळवण्यापेक्षा वाईट. वेग ४० च्या खाली आला की चौथा, ३० च्या खाली तिसरा. पहिले ५०० किमी ६० च्या आत ठेवा, पण एकाच वेगाला चिकटू नका. थोडं वर, थोडं खाली. एक्स्प्रेस हायवेसारख्या सरळ रस्त्यापेक्षा घाटाचा चढ-उतार रनिंग-इनला चांगला. (एक्स्प्रेस-वेवर तसंही दुचाकीला बंदीच आहे.)

स्पॅनर_दहाबारा

छान धागा. गाडी ताब्यात घेतानाच अर्धी कामं होतात, ती आधी.

चासीच्या प्लेटवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३४२४ म्हणजे २०२४ सालचा चौतिसावा आठवडा. गाडी शोरूममध्ये पाच-सहा महिने उभी असेल तर बॅटरी चार्ज करूनच द्या असं ठामपणे सांगा. नव्या क्लासिकला किक नाही! बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची. ती पूर्ण बसली तर धक्का मारूनही उपयोग नसतो, कारण फ्युएल पंपालाच वीज मिळत नाही. चावी फिरवल्यावर दोन सेकंद 'झूंऽ' असा आवाज येतो तो त्या पंपाचा. तो थांबू द्या, मग स्टार्टर दाबा.

इन्शुरन्सचं पण बघा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी ५ वर्षांचा असतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा १ वर्षाचाच. कागदावर २०३० दिसतं म्हणून लोक निवांत राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली तर हातात काही येत नाही.

मीनल_कोथरूड

स्पॅनरदादा, इन्शुरन्सचं माहीतच नव्हतं!! आत्ता कपाटातून काढून बघितलं, खरंच एकच वर्ष. धन्यवाद.

दर्याकाठ

आमच्याकडे मालवणात खारा वारा. क्रोमची गाडी किनाऱ्यावर ठेवायची तर रोजची शिस्त लागते. गंज आधी कुठे धरतो बघा: स्पोक जिथे रिममध्ये शिरतो तिथली निपल, मडगार्डची आतली कड, सायलेन्सरच्या पट्टीचा स्क्रू. वरची चकाकी शाबूत असते आणि आतून तांबूस पावडर सुटते.

उपाय साधा. गोड्या पाण्यानं धुवा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर. सुक्या फडक्यानं पुसा. निपलवर फडकं पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश. मग क्रोमवर मेणाचं पॉलिश, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. निपलवर ऑइलचा एक थेंब पुरे. मात्र डिस्कवर किंवा टायरवर थेंब गेला तर ब्रेक गेला समजा, तेव्हा स्प्रे सरळ चाकावर मारू नका, फडक्यावर मारा आणि फडकं फिरवा.

आणि मॅट रंग असेल तर पॉलिश अजिबात नाही. घासलं की तिथे चकचकीत डाग पडतो, तो परत जात नाही.

आजीचा_नातू

मॅटवरून आठवलं, पूजेचं सांगायलाच हवं. ओलं कुंकू टाकीवर दिवसभर राहिलं की मॅट रंगात उतरतं. पूजा करा, मनापासून करा, पण स्वस्तिक नंबरप्लेटच्या वर किंवा हेडलाइटच्या काचेवर काढा आणि त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं टिपा. नारळ फोडताना पाणी गरम बेंड पाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) गेलं तर पांढरट ओघळ भाजून बसतात, म्हणून पूजा गाडी गार असताना. हार हँडलवरून घातला तर निघण्याआधी काढा. पुढच्या चाकात गुंततो.

घाटवाट

+१ हारासाठी.

माझा मुद्दा ट्यूबचा. स्पोकचं चाक दिसतं सुंदर, पण क्लासिकच्या स्पोकवाल्या मॉडेलला ट्यूब असते. अलॉय घेतलंत तर ट्यूबलेस. फरक पंक्चर झाल्यावर कळतो. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून राहतो, हवा हळूहळू जाते. ट्यूबमध्ये स्पोकच्या भोकांतून भसकन जाते आणि मागचं चाक डोलायला लागतं. तेव्हा ब्रेक दाबू नका, अॅक्सिलरेटर सोडा, हँडल सरळ धरा, गाडी आपली आपण थांबू द्या.

चाक काढल्यावर ब्रेकला हात-पाय लावायचा नाही. डिस्क मध्ये नसते, पॅड एकमेकांना येऊन भिडतात आणि मग चाक परत बसत नाही. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. रस्त्यावरचा पंक्चरवाला हे दर वेळी करेलच असं नाही. सीटखाली एक स्पेअर ट्यूब, एक्सलच्या मापाचा पाना आणि हातपंप. एवढं असलं की आंबोलीत अडकलात तरी वाट निघते.

संपदा_नाशिक

उंचीचं कुणी लिहिणार का? पाच फूट एक इंच. क्लासिकची सीट ८०५ मिमी, टाचा टेकत नाहीत.

स्पॅनर_दहाबारा

संपदाताई, सस्पेन्शन खाली करून घेऊ नका, वळणावर गाडी घासते आणि साइडस्टँडचा कोन बिघडतो. सीटचा फोम बाजूंनी निमुळता करून घ्या. मांड्या आत येतात, त्यामुळे पाय सरळ खाली जातो. वरून १५-२० मिमीच्या पुढे कापू देऊ नका, नाहीतर तासाभरात खालची प्लेट टोचते. एनफिल्डचीच हंटर बघितली का? तिची सीट ७९० मिमी आणि वजनही कमी. क्लासिक १९५ किलोची आहे, पार्किंगमध्ये मागे ढकलताना ते वजन जास्त जाणवतं. तोंड उताराकडे करून लावूच नका.

संपदा_नाशिक

फोमचं करून बघते. हंटर बघितली, पण जीव क्लासिकवर आहे 🙂

व्यंकू_बेळगाव

मग क्लासिकच घ्या ताई. जीव जिथे आहे ती गाडी माणूस पुसतो तरी.

किमतीचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. क्लासिक, हायनेस, जावा खालच्या गटात. स्पीड ४०० चं इंजिन तेव्हा ३९८ सीसी होतं, म्हणून ती वरच्या गटात गेली. जुनी कोटेशन हातात असतील तर फेकून द्या.

कूलंट_तपासा

नवी जावा घेणाऱ्यांसाठी. इंजिनावर फिन (गार करणाऱ्या पातळ पट्ट्या) दिसतात म्हणून एअर-कूल्ड समजू नका, ती लिक्विड-कूल्ड आहे, पुढे रेडिएटर असतो. रिझर्व्ह टाकीत कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, बघायचं थंड गाडीवर. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडाल तर हात भाजेल. नळाचं पाणी टाकू नका, क्षार साठतात. रेडिएटरच्या जाळीवर प्रेशर-वॉशरचा फवारा जवळून मारला की बारीक पत्रे वाकतात आणि हवा जाणं बंद.

नवीन_रायडर_९८

माझ्या गाडीत ABS चा दिवा चावी लावल्यापासून पेटलेला असतो. आणि बंद केल्यावर सायलेन्सरमधून टिकटिक. खूप टेन्शन आलंय, कालच आणली

घाटवाट

टेन्शन घेऊ नका. गाडी हलल्याशिवाय ABS चे (ब्रेक जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर तपासले जात नाहीत, थोडं पुढे गेलात की दिवा विझतो. चालताना पेटून राहिला तर मात्र दाखवा. टिकटिक म्हणजे तापलेला धातू गार होताना आकसतो. पहिल्या दिवशी सायलेन्सरमधून जळका वासही येईल, वरचा थर भाजत असतो. बेंड पाइप निळसर-पिवळा होतो तेही नेहमीचंच. आणि साइडस्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, ती सोय आहे, बिघाड नाही. पहिले २००-३०० किमी ब्रेक थोडे कमी धरतात, पॅड बसेपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

नवीन_रायडर_९८

हुश्श. खूप खूप आभार

मीनल_कोथरूड

साडी-गार्ड काढून टाकू का? सगळे काढतात, दिसतं पण चांगलं.

आजीचा_नातू

नको ना ताई. मागचं चाक अर्धं झाकणारं काहीतरी हवं असा नियमच आहे, आणि नियम सोडा, ओढणीचं टोक स्पोकमध्ये जायला एक क्षण पुरतो. सायलेन्सर बदलण्याचंही तेच. दंड आणि जप्ती आहेच, शिवाय बेंडवर ऑक्सिजन सेन्सर असतो. मोकळा सायलेन्सर लावला की हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, गाडी अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट करते आणि वॉरंटीत वाद निघतो.

दर्याकाठ

पावसाळ्याआधी अजून एक. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की कडेला बारीक भोक दिसतं, पाणी निघून जायला. ते चिखलानं बुजलं तर साठलेलं पाणी झाकण उघडताच टाकीत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते तळाशी वेगळं होतं, पंप तेच उचलतो. बारीक तारेनं ते भोक महिन्यातून एकदा मोकळं करा.

विदर्भवारा

उशिरा आलो, शेतावर होतो. गावाकडे शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी उंदरांकडे लक्ष द्या, सीटखालची वायरिंग कुरतडतात. आठवड्यातून एकदा सीट काढून बघा.

चेनचं अजून कुणी लिहिलं नाही. माझ्याकडे चेन ४०० किमीलाच ढिली वाटतेय, पुढच्या आठवड्यात पहिली सर्व्हिस. तोवर थांबू की ताणून घेऊ?

स्पॅनर_दहाबारा

नवी चेन सुरुवातीला सैल पडतेच दादा. आधी माप घ्या. गाडी न्यूट्रलला, खालच्या चेनच्या बरोबर मध्ये बोट लावायचं, पट्टी उभी धरायची, खाली ओढून आकडा, वर ढकलून आकडा. दोन्हींतला फरक २५ ते ३० मिमी असला तर हात लावू नका. चाक थोडं फिरवून चार जागी मोजा, सगळ्यात घट्ट जागेचं माप धरायचं. ४० च्या पुढे गेलं असेल तर सर्व्हिसची वाट बघू नका.

ताणताना आधी एक्सलचा नट सैल, मग दोन्हीकडचे अॅडजस्टर पाव-पाव फेरा, डावा-उजवा सारखा. खुणा दोन्हीकडे एकाच रेषेवर हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका अंगानं झिजतो. फार घट्टही नको. मागे माणूस बसला की चेन आणखी ताणली जाते, ती जागा ठेवावीच लागते, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग ओरडायला लागतं. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही ओ-रिंग (चेनच्या कड्यांमधल्या रबरी रिंगा) खातात. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं, दर ५०० किमीला, गाडी फिरून आल्यावर चेन कोमट असताना.

मोजताय तर स्पोकही बघून घ्या. छोट्या पान्यानं एकेक स्पोक हलकेच ठोकत जायचं. घट्ट असेल तो 'टिंग' वाजतो, सैल असेल तो 'थड्'. थड् वाजला त्यावर खडूनं खूण करा आणि सर्व्हिसला दाखवा, स्वतः पिळू नका, रिम वाकडी होते.

विदर्भवारा

मोजलं. तीन जागी ३२, एका जागी २८. स्पोक दोन थड्, दोन्ही मागच्या चाकात, व्हॉल्व्हच्या शेजारी. खूण केली.