मदत हवी आहे: मोबाइलचा कीबोर्ड उघडतच नाही

कोयनाकाठ: सोमवारपासून मोबाइलचा कीबोर्ड बंद पडलाय. लिहायच्या जागी बोट लावलं की कर्सर लुकलुकतो, पण खालून कीबोर्ड वर येतच नाही. फोन दोनदा बंद करून चालू केला. कऱ्हाडला माझं मेडिकल आहे. गिऱ्हाइकं चिठ्ठीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मला 'औषध आहे, या' एवढंसुद्धा लिहिता येत नाहीये. हे दुकानाच्या कॉम्प्युटरवरून लिहितोय. लवकर सांगा.

सरळसोट: फोन अँड्रॉइड की आयफोन? कीबोर्ड कुठला? फक्त व्हॉट्सॲपमध्ये येत नाही की सगळीकडे?

कोयनाकाठ: अँड्रॉइड १३. कीबोर्ड गूगलचा जीबोर्ड, फोनबरोबरच आलेला. सगळीकडे तेच. फोन उघडायचा पिन मात्र टाकता येतो.

सरळसोट: पिनवरून टच चांगला आहे एवढंच कळतं. ते आकडे फोन स्वतः दाखवतो, जीबोर्ड नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात जीबोर्ड, त्यात स्टोरेज. कॅशे (ॲपची तात्पुरती साठवण) आणि डेटा दोन्ही पुसा.

मुक्ता_नाशिक: डेटा लगेच पुसू नका! तुम्ही शिकवलेले शब्द, शॉर्टकट सगळे जातील. औषधांची नावं पुन्हा शिकवत बसावं लागेल. आधी फक्त कॅशे पुसा, मग फोर्स स्टॉप करून बघा.

जुनाजाणता: इतकं करत बसण्यापेक्षा सरळ फॅक्टरी रीसेट मारा. माझ्या फोनला असंच झालं होतं, रीसेटने ठीक झाला.

मुक्ता_नाशिक: जुनाजाणता, त्यांचा धंद्याचा फोन आहे. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतलाय का, हेही आपण विचारलेलं नाही. आणि रीसेटनंतर सुरुवातीलाच वायफायचा पासवर्ड मागेल. तेव्हाही कीबोर्ड आला नाही तर काय करतील?

जुनाजाणता: मी माझा अनुभव सांगितला. बॅकअप घेऊनच करा, हे वेगळं सांगायची गरज नाही.

श्रावणी_के: तोवर बोलून टाइप करा ना. मराठी व्यवस्थित ओळखतो.

कोयनाकाठ: ताई, तो माइक कीबोर्डवरच असतो. कॅशे पुसून झाला, फोर्स स्टॉप झालं, फरक नाही. काल सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली ॲप्स बंद ठेवूनही फोन चालू करून पाहिला. तिथेही तेच.

बाराखडी: स्वरचक्र वापरून बघा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेला कीबोर्ड आहे. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. आणि एक विचारायचं होतं, तुम्ही 'कऱ्हाड' बरोबर लिहिलंत. बहुतेक जण कर्‍हाडचं कराड करून मोकळे होतात. तो ऱ्ह कसा लिहिता?

कोयनाकाठ: कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. पण आधी माझं बघा.

सरळसोट: सेफ मोडमध्येही येत नाही म्हणजे बाहेरून घेतलेल्या ॲपचा दोष नाही. दुसरा कीबोर्ड घेऊनही बहुधा उपयोग होणार नाही. दिवसभरात एकदाही येत नाही का?

कोयनाकाठ: रात्री घरी कीबोर्ड येतो की. सकाळी दुकान उघडलं की पुन्हा गायब. म्हणून तर मला वाटलं, फोन तापत असेल.

मुक्ता_नाशिक: हे आधी सांगायला हवं होतं! दुकानात फोनला ब्लूटूथवर काय जोडलंय?

कोयनाकाठ: काही नाही. फक्त बारकोड स्कॅनर. तो रविवारी आणला. स्टॉक मोजायचं ॲप फोनवर आहे, त्याला जोडलाय. तो छान चालतो, त्याची तक्रार नाही.

मुक्ता_नाशिक: तोच आहे. असा स्कॅनर फोनला 'मी कीबोर्ड आहे' असं सांगतो आणि बारकोडचे आकडे टाइप केल्यासारखे पाठवतो. खरा कीबोर्ड जोडलाय असं समजून फोन स्क्रीनवरचा लपवतो. घरी स्कॅनर टप्प्याबाहेर जातो, म्हणून तुमचा कीबोर्ड परत येतो. स्कॅनर जोडलेला असतानाच सेटिंग्ज, सिस्टिम, भाषा आणि इनपुट, फिजिकल कीबोर्ड इथे जा. 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरा' अशा अर्थाचं बटण चालू करा. नाव कंपनीप्रमाणे थोडं बदलतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधात... तिथे टाइप करता येणार नाही, तेवढ्यापुरतं ब्लूटूथ बंद करून शोधा.

जुनाजाणता: ब्लूटूथच कायमचं बंद ठेवा, कशाला हवंय.

सरळसोट: मग स्टॉक कसा मोजतील?

कोयनाकाठ: आला!! भाषा आणि इनपुटमध्येच होतं, बटण बंद होतं. आता स्कॅनरही चालतोय आणि कीबोर्डही. चार दिवस गिऱ्हाइकांना नुसते अंगठे पाठवत होतो, एका आजींनी फोन करून विचारलं की गोळ्या आहेत की नाहीत. मुक्ताताई, मनापासून आभार. स्कॅनर सांगायचं सुचलंच नाही, तो वेगळाच विषय वाटला.

बाराखडी: झालं ना काम? मग आता सांगा, डी म्हणजे हलंत ना? आणि 'दुसऱ्या'साठी यू ऐवजी काय दाबायचं?

कोयनाकाठ: हो, डी म्हणजे हलंत. 'दुसऱ्या'ला शेवटी यूऐवजी तिरक्या रेघेची कळ, फुलस्टॉपच्या उजवीकडची. तिथे य आहे.