पॉवरलाइन अडॅप्टर: संध्याकाळ झाली की स्पीड झोपतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राउटर खालच्या मजल्यावर, माझं कामाचं टेबल वरच्या खोलीत. मधल्या स्लॅबमधून वर येईपर्यंत वायफायचा जीव जातो आणि भिंती फोडून नवी केबल टाकायला घरातून परवानगी नाही. म्हणून पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली. एक राउटरजवळ, एक टेबलाजवळ, डेटा विजेच्या वायरिंगमधूनच. खोक्यावर 600 एमबीपीएस लिहिलंय. दिवसा 80-85 मिळतात, ते मला पुरतात. पण रात्री आठ-साडेआठला 10-12 वर येतो आणि व्हिडिओ कॉलवर माझं तोंड उघडं ते उघडंच राहतं.

नेटवर्क केबल बदलून झाली. दोन अडॅप्टरांची अदलाबदल करून झाली. वायरमनला बोलावून दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत याची खात्री करून घेतली. माझा संशय हॉलमधल्या एलईडी दिव्यांवर होता, कारण तेही संध्याकाळीच लागतात. काल सगळे दिवे घालवून सहकुटुंब अंधारात बसलो. स्पीड 11 चा 11, वर बोलणी खाल्ली ती वेगळी.

नॉइज (वायरिंगमधला विजेचा गोंगाट) नेमका कुठून येतोय हे शोधायचं कसं? राउटरजवळ फिल्टर लावू का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लूज कनेक्शन: वायफाय मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफाय डबे) घ्या आणि सुटा.

धागाकर्ता: ते शेवटचं अस्त्र. आधी हे समजून घ्यायचंय.

शॉर्टवेव्ह: आधी त्या 600 चं. तो आकडा तारेवरच्या कच्च्या वेगाचा, तोही दोन्ही दिशांची बेरीज धरून. बऱ्याच अशा अडॅप्टरांचं नेटवर्क पोर्टच 100 चं असतं, तेव्हा 85 म्हणजे तुमचं उत्तम चाललंय.

आता मुद्दा. स्पीड मोजलात तो इंटरनेटचा. तसं नको. एक लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, दुसरा वर, आणि आयपर्फ या वेग मोजायच्या प्रोग्रामने दोघांमधलाच वेग मोजा. दोन्ही दिशांना वेगवेगळा. खालून वर किती आणि वरून खाली किती, ते इथे टाका. तोपर्यंत फिल्टर विकत घेऊ नका.

धागाकर्ता: मोजलं. रात्री 9 वाजता खालून वर 11, वरून खाली 78. हे काय प्रकरण आहे? तार तर एकच!

शॉर्टवेव्ह: तार एकच, पण नॉइज बोलणाऱ्याच्या तोंडाशी नसतो, ऐकणाऱ्याच्या कानाशी असतो. खालचा अडॅप्टर पाठवतो तो सिग्नल तारेतून वर येईपर्यंत क्षीण झालेला असतो. वरच्या अडॅप्टरशेजारीच कुणी कोकलत असेल तर त्याला तो ऐकू येणार नाही. उलट दिशेने मात्र तोच कोकलणारा खाली पोचेपर्यंत स्वतःच दमतो, म्हणून तिकडे 78. चोर तुमच्या टेबलाच्या आसपास आहे. हॉलमधले दिवे निर्दोष.

ही यंत्रणा साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते (नव्या पिढीत 86 पर्यंत). होमप्लग एव्ही या पॉवरलाइनच्या मानकात या पट्ट्याचे 1155 बारीक वाहक (डेटा नेणाऱ्या वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी) केलेले आहेत, त्यातले काही हौशी रेडिओवाल्यांना त्रास नको म्हणून मुद्दाम गप्प ठेवलेले. उरलेल्या प्रत्येकावर नॉइज बघून 1 ते 10 बिट चढवतात. नॉइज वाढला की बिट उतरवतात. म्हणून तुमचं कनेक्शन तुटत नाही, नुसतं रांगायला लागतं.

आर्मेचर: संशयित बहुधा स्विच-मोड सप्लाय. चार्जर, एलईडी ड्रायव्हर, मॉनिटरचा अडॅप्टर, सगळे त्याच जातीचे. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचे हार्मोनिक (त्या वेगाच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सी) मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. चांगल्या चार्जरात ते अडवणारी कॉइल आणि कॅपॅसिटर असतात. स्वस्तात तीच जागा रिकामी ठेवून सोल्डरने तार जोडलेली मी स्वतः पाहिली आहे.

बॅटरीवर चालणारा शॉर्टवेव्ह रेडिओ असेल तर दोन्ही पॉवरलाइन अडॅप्टर काढून ठेवा (ते स्वतःच रेडिओत मनसोक्त खरखरतात) आणि स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून रेडिओ टेबलाभोवती फिरवा.

धागाकर्ता: सापडला!! रेडिओ मॉनिटरजवळ नेला, साधी खरखर. यूपीएसजवळ, तेच. टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्डापाशी वाकलो आणि भुंगा शिरल्यासारखा घर्र आवाज. टॉर्चबरोबर फुकट आलेला चार्जर. रात्रीच्या जेवणानंतर मी त्याच्यावर हेडफोन लावतो, म्हणून "संध्याकाळ"! बटण बंद केलं, भुंगा गप्प. अडॅप्टर परत लावले, खालून वर 83. हेडफोन फोनच्या चार्जरवर लावून पाहिला, तरी 82.

गंमत म्हणजे अडॅप्टर लावल्या लावल्या 30 दाखवत होतं, मिनिटभराने चढलं.

शॉर्टवेव्ह: बरोबर, नव्याने अंदाज घेऊन बिट वाढवायला त्याला थोडा वेळ लागतो. पण तुमचा वरचा अडॅप्टर त्या एक्स्टेंशन बोर्डातच आहे की काय?

धागाकर्ता: हो. यूपीएसच्या शेजारी.

शॉर्टवेव्ह: अरेरे. हा दुसरा आजार. यूपीएस आणि सर्ज बोर्डाच्या तोंडाशी फेज-न्यूट्रलमध्ये कॅपॅसिटर असतो. 50 हर्ट्झला तो जवळजवळ दिसत नाही, पण मेगाहर्ट्झच्या सिग्नलला तो शॉर्टसारखाच. नॉइज करत नाही, सिग्नल पितो. ओळखायची खूण: अशा वेळी दोन्ही दिशा सारख्याच पडतात. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. त्याच्या पोटावर स्वतःचं सॉकेट असेल तर त्याला आतून फिल्टर असतो, बोर्ड आणि यूपीएस त्यातून घ्या, लोडची मर्यादा मात्र वाचून. राउटरजवळच्या फिल्टरचा तुम्हाला काही उपयोग नव्हता.

धागाकर्ता: केलं. आता दोन्हीकडे 94, म्हणजे 100 च्या पोर्टचं छत डोक्याला लागलं. मेश वाचलं. सर्वांचे आभार, चार्जर कचऱ्यात.

एकच राहिलं. शेजारच्या खोलीत ड्रिल मशीन चालू झालं की पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) 4 मिलिसेकंदांवरून 200 वर उडतो. त्याला काय करू?

आर्मेचर: कार्बन ब्रशच्या ठिणग्या. तो नॉइज अख्ख्या पट्ट्यात पसरतो, वाहक बदलून पळायला जागा राहत नाही. ड्रिलच्या वायरवर फेराइट (नॉइज अडवणारं चुंबकीय कडं) चढवून बघा, थोडा फरक पडला तर पडेल. बाकी ड्रिल चालू असताना कॉलवर तुमचं तसंही कुणाला काही ऐकू येत नसणार.