शब्दचर्चा: पाणमांजर, ऊद, उदमांजर आणि मिंक

प्रश्न, बर्मिंगहॅमहून

इथल्या मराठी मुलांना आम्ही अधूनमधून कालव्याकाठी फिरायला नेतो. त्यांच्यासाठी पानभर माहिती मराठीत लिहिते आहे आणि दोन प्राण्यांपाशी अडले आहे, ऑटर आणि मिंक. ऑटरला आई पाणमांजर म्हणते. कुठेतरी ऊद हा शब्दही वाचल्याचे आठवते, आणि मैत्रिणीने उदमांजर सुचवले. मिंकसाठी काहीच मिळेना, म्हणून तूर्त 'छोटे पाणमांजर' असे लिहून ठेवले आहे. दोघेही लांबुडके, तपकिरी, पाण्यात पोहणारे, मासे खाणारे. चालेल का?

उत्तर, पुण्याहून

पाणमांजर अगदी योग्य. मराठीत तोच शब्द रुळलेला आहे आणि मुलांना ऐकताक्षणी कळतो. 'छोटे पाणमांजर' मात्र कृपा करून लिहू नका. त्याने नदीवरची सगळी हकिगतच उलटी होते.

पाणमांजर ब्रिटनचे मूळचे रहिवासी. मिंक उत्तर अमेरिकेतला. फरसाठी पाळायला म्हणून १९२९ साली तो ब्रिटनमध्ये आणला गेला. पिंजऱ्यांतून काही निसटले, काही सोडले गेले, आणि १९५६ मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर मिंक मोकळ्यावर वीत असल्याचे पक्के झाले. मग नद्या, ओढे आणि कालवे धरून तो जवळजवळ देशभर पसरला. इंग्लंड आणि वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घालणारा कायदा झाला तो २००० साली. तोवर नदीवरचा मिंक पिंजऱ्यांवर अवलंबून राहिलाच नव्हता.

नेमक्या याच वर्षांत पाणमांजरे नाहीशी होत होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बियाण्याला चोळायच्या आणि मेंढ्यांना बुडवून काढायच्या औषधांत डिल्ड्रिन, आल्ड्रिन यांसारखी कीटकनाशके वापरली जात. ती ओढ्यात उतरली, माशांत साठली आणि माशांवाटे पाणमांजरांच्या अंगात गेली. १९७७ ते १९७९ या काळात इंग्लंडभर पहिली मोठी पाहणी झाली, तेव्हा तपासलेल्या जागांपैकी ६ टक्क्यांहूनही कमी ठिकाणी त्यांची खूण सापडली. मिंक वाढतोय आणि पाणमांजर घटतेय हे एकाच वेळी डोळ्यांना दिसत होते, त्यामुळे मिंकनेच त्यांना हुसकले असे वाटणे साहजिक होते. पण पाणमांजर ७ ते १० किलोचे, मिंकचा नर किलो-सव्वा किलोचा आणि मादी त्याच्याही जेमतेम निम्मी. हुसकण्याची ताकद कोणाकडे होती ते यावरूनच कळते. पाणमांजरांचा घात विषाने केला. ती औषधे बंद झाली, १९७८ पासून इंग्लंड-वेल्समध्ये शिकारीला बंदी आली, नद्या स्वच्छ होत गेल्या, आणि २००९-१०च्या पाहणीत खुणा सापडणाऱ्या जागांचे प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास पोचले. २०११ मध्ये केंटमध्येही ती दिसली आणि इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर परतल्याचे जाहीर झाले. एवढे हाल सोसून परत आलेल्या प्राण्याचे नाव मिंकला वाटून टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

मिंकचे खरे बळी वेगळेच. कालव्याच्या आणि ओढ्याच्या काठात बीळ करून राहणारा वॉटर व्होल नावाचा एक गुबगुबीत, आखूड कानांचा, गवत खाणारा प्राणी आहे. मुलांसाठी त्याला पाणउंदीर म्हणायला हरकत नाही. बाकीचे शत्रू आले की तो पाण्यात उडी घेतो किंवा बिळात शिरतो. मिंक पाण्यातही त्याचा पाठलाग करतो, आणि मिंकची मादी इतकी सडपातळ असते की ती त्याच्या बिळात थेट घुसते. काठावरची घरटी आणि पिल्ले हाही मिंकचा आहार. गेल्या शतकात ब्रिटनमधल्या बहुतेक ठिकाणांहून हा पाणउंदीर गेला. काठ बांधून काढले, गवत उरले नाही, हे एक कारण आणि मिंक हे दुसरे. पाणमांजर त्या बिळात मावतच नाही. मुलांनी 'छोटे पाणमांजर पाणउंदरांना खाते' असे वाचले तर ती दोष कोणाला देतील?

म्हणून मिंकला मिंकच म्हणा. आपल्याकडे हा प्राणी नाही, कधी नव्हता, तेव्हा देशी शब्द नसणे ही भाषेची उणीव नव्हे. शिवाय शब्द अगदीच अनोळखी राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कने करोना विषाणूच्या भीतीने दीड कोटीहून अधिक मिंक मारायचे ठरवले, तेव्हा मराठी वाचकांपर्यंतही तो पोचला होता. त्या निमित्ताने एक सांगतो. 'मिंकची शेती' असे लिहू नये. कुक्कुटपालन, वराहपालन म्हणतो तसे मिंकपालन म्हणावे.

उत्तर, नागपूरहून

उदमांजर नकोच. इथे हिंदीचा शेजार असल्याने हा घोळ नेहमी कानावर येतो. हिंदीत ऊदबिलाव म्हणजे पाणमांजर. बंगालीत उदबिडाल म्हणजेही तेच. पण मराठीत उदमांजर म्हणजे झाडांवर चढणारे, रात्री फळे खाणारे, कौलांवरून धावणारे जनावर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. हिंदी बातमी मराठीत आणताना ऊदबिलावचे उदमांजर केले की नदीतला प्राणी माळ्यावर जाऊन बसतो! आमच्याकडे मसण्याऊदही म्हणतात, तेही जमिनीवरचेच जनावर. मराठीत ऊद पाण्याबाहेर पडला आहे असे म्हणायला हवे. त्यात धुपाबरोबर जाळायचा ऊद आहेच. तेव्हा मुलांच्या पानावर नुसते ऊदही टाळावे.

उत्तर, पुण्याहून

नागपूरकरांशी सहमत. ऊद मुलांसाठी नको, पण तो शब्द मोठ्या घराण्यातला आहे, म्हणून थोडे लिहितो.

संस्कृत उद्र. यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्राण्यांची यादी आहे, तीत हा येतो. यजुर्वेदाचा भाष्यकार महीधर याने त्याचा अर्थ खेकडा असा केला, पण तैत्तिरीय संहितेवरच्या भाष्यात पाण्यातले मांजर असा अर्थ दिला आहे. म्हणजे पाणमांजर ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेतही हाच शब्द, उद्र. त्यातल्या वेंदिदाद या भागाच्या चौदाव्या प्रकरणात पाण्यातल्या उद्राला मारणाऱ्याला दहा हजार फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. तिथे मात्र त्याला पाण्यातला कुत्रा मानले आहे. रशियन विद्रा, लिथुआनियन उद्रा आणि तुमचा इंग्रजी ऑटर ही सगळी त्याच मुळाची नावे, पाण्याला धरून पडलेली. बर्मिंगहॅमच्या मुलांना एवढे जरूर सांगा की ऑटर आणि ऊद हे चुलत भाऊ आहेत. त्यांना मजा वाटेल.

उत्तर, बेळगावहून

कुत्र्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. कन्नडमध्ये याला नीरुनायी म्हणतात, म्हणजे पाण्यातला कुत्रा. तमिळ आणि मल्याळममध्येही नीर आणि नाय. सिंहलीत दिय बल्ला, तोही कुत्राच. गुजरातीत मात्र जळबिलाडी. आपण मराठी आणि गुजराती मांजरवाले, दक्षिणेकडचे कुत्रेवाले. वेल्श भाषेतले नावही पाण्यातला कुत्रा असेच आहे, हे बर्मिंगहॅमकरांना जवळचे पडेल.

खरे तर हा प्राणी ना मांजर ना कुत्रा. पण नाव त्यामुळे चुकत नाही. पाणघोडा घोडा नाही, पाणकोंबडी कोंबडी नाही, तरी कोणी फसत नाही. 'पाण' पुढे लागले की ऐकणारा समजून घेतो.

प्रश्न, बर्मिंगहॅमहून

सर्वांचे आभार. मिंक आणि पाणमांजर हेच दोन शब्द ठेवते. आता आणखी शंका. मिंकचे वर्णन 'मुंगसासारखा' असे करू का? मुंगूस मुलांनी आजोळी पाहिलेले असते. आणि मिंकचे लिंग कोणते? तो, ती की ते? शिवाय कालव्यावर भरदुपारी पोहणारा प्राणी मी स्वतः पाहिला आहे, त्याला सगळे ऑटरच म्हणत होते. तो ऑटरच असेल ना?

उत्तर, पुण्याहून

मुंगसासारखा, असे वर्णनात जरूर लिहा. आकार आणि चपळाई लगेच डोळ्यांपुढे येते. फक्त 'पाणमुंगूस' असे नाव पाडू नका. मुंगूस मांजराच्या बाजूच्या कुळातले, आणि मिंक व पाणमांजर दोघे मुस्टेलिडी कुळातले. नावात मुंगूस आले की नाते चुकीचे जोडले जाते.

भरदुपारी शहरातल्या कालव्यात दिसलेला प्राणी मिंक असण्याचा संभव बराच. पाणमांजरे परतली त्या भागांत मिंक पूर्वीपेक्षा दिवसा जास्त हिंडू लागल्याचे ब्रिटनमध्ये आढळले आहे, बहुधा त्यांची गाठ टाळण्यासाठी. ओळखायचे असेल तर प्राणी पाण्यात किती बुडाला आहे ते पाहा. पाणमांजर खोल पोहते, सपाट रुंद डोकेच काय ते वर दिसते. मिंक हलका, त्याची पाठ पाण्याबाहेर राहते. पाणमांजराची शेपटी बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती, मिंकची बारीक आणि केसाळ. हनुवटीवर छोटा पांढरा ठिपका आणि रंग जवळजवळ काळा असेल तर मिंकच. विष्ठेवरूनही कळते. पाणमांजर ती मुद्दाम दगडावर, पुलाखाली, उठून दिसेल अशा जागी टाकते. तीत माशांचे खवले आणि काटे असतात आणि वास चक्क सुसह्य असतो, वाळल्या गवतासारखा. मिंकची विष्ठा घाण वासाची. इंग्रजीत पाणमांजराच्या विष्ठेला स्वतंत्र शब्द आहे, आपल्याला 'खुणेची विष्ठा' एवढे पुरते.

लिंगाचे असे. पाणमांजर नपुंसकलिंगी: ते पाणमांजर, ती पाणमांजरे. मिंक मी पुंल्लिंगी चालवतो, पेंग्विनसारखा. तो मिंक, अनेकवचनीही मिंकच. मिंकने, मिंकला, मिंकांनी. मादीबद्दल सांगायचे तर सरळ 'मिंकची मादी'. एक फायदाही होतो: 'ते' म्हटले की पाणमांजर आणि 'तो' म्हटले की मिंक, त्यामुळे दोघांची तुलना करताना प्रत्येक वाक्यात नाव घ्यावे लागत नाही.

उत्तर, रत्नागिरीहून

कालवा या शब्दाकडे कोणी पाहिलेच नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला कालवा म्हणजे धरणातून शेताला पाणी नेणारा, पाळीच्या दिवशी वाहणारा आणि एरवी कोरडा. आमच्या किनाऱ्यावर तर कालवे म्हटले की खाडीतल्या खडकांवरची, फोडून खायची कालवेच आधी आठवतात. ब्रिटनचा कालवा होड्यांसाठी खणलेला, बारमाही भरलेला, काठाने पायवाट असलेला. त्या वाटेवरून पूर्वी घोडे होड्या ओढत. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे जलमार्ग सुमारे ३,२०० किलोमीटर आहेत. 'होड्यांचा कालवा' असे एकदा लिहा, मग पुढे नुसते कालवा चालेल. पाणमांजराला तिथे राहायला का आवडते, तेही मग आपोआप कळेल: सदा पाणी, मासे, आणि एका नदीतून दुसरीत जायला वाट.

आपल्याकडेही ती माणसाने बांधलेल्या पाण्याकाठी राहतात. गोव्यात चोडण बेटाजवळ खाजणांच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनींच्या, बांधांवर त्यांचा वावर आहे. भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडायची जी फळ्यांची दारे असतात, ज्यांना तिथे मानस म्हणतात, त्यांच्यापाशी मासळी जमते आणि पाणमांजरेही तिथे येतात. आपली ही जात गुळगुळीत केसांची आणि टोळीने राहणारी. ब्रिटनमधले बहुधा एकटे किंवा पिल्लांसह मादी, एवढेच. तेव्हा 'पाणमांजरांचा कळप' हे शब्द तिकडच्या पानावर घालू नका, आमच्या खाडीवर ते बरोबर आहेत.

आणि जाळ्यात तोंड घातले म्हणून आमचे लोक त्यांच्यावर चिडतात, हेही खरे. पण भारतातल्या तिन्ही जातींच्या पाणमांजरांना कायद्याने संरक्षण आहे, आणि २०१९ मध्ये गुळगुळीत केसांच्या व लहान नखांच्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. त्यांच्या फरसाठी आणि पिल्लांसाठी माणसे कुठवर जातात हे पाहिले की चिडणाऱ्यांनाही दोन शब्द समजावून सांगावेसे वाटतात.

प्रश्न, बर्मिंगहॅमहून

शेवटचे विचारते. मिंकसाठी 'घुसखोर' लिहू का? आणि नुसते मिंक पुरेल, की अमेरिकी मिंक लिहायला हवे?

उत्तर, पुण्याहून

घुसखोर नको. तो स्वतःहून आला नाही, माणसाने पेट्यांत घालून आणला. 'परका' लिहा, किंवा मोठ्या मुलांसाठी 'आक्रमक परकी प्रजाती' हा रुळलेला शब्दप्रयोग वापरा. त्यातला आक्रमक हा शब्द प्रजातीच्या पसरण्याबद्दल आहे, एकेका प्राण्याच्या स्वभावाबद्दल नाही, हे तोंडी सांगा.

आणि हो, पहिल्या उल्लेखात 'अमेरिकी मिंक' असेच लिहा. युरोपचा स्वतःचा एक मिंक आहे. त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही ओठांवर पांढरा पट्टा असतो, अमेरिकी मिंकच्या वरच्या ओठावर तो नसतो. हा युरोपी मिंक ब्रिटनमध्ये कधी नव्हता. स्पेनचा उत्तर भाग, फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग, डॅन्यूबच्या मुखाचा प्रदेश अशा मोजक्या ठिकाणी तो उरला आहे, एस्टोनियाच्या हियुमा बेटावर पुन्हा सोडला गेला आहे, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या नाशाच्या कारणांत अमेरिकी मिंक हेही एक आहे. 'मिंक मारले पाहिजेत' असे एखादे मूल वाचून म्हणाले, तर कोणता मिंक हे त्याला ठाऊक असायला हवे.