मायामी अरीना २० वर्षांत का बुडालं?

प्रश्न: १९८८ साली सव्वापाच कोटी डॉलर खर्चून बांधलेलं अमेरिकेतल्या मायामी शहरातलं हे बंदिस्त क्रीडा-सभागृह २००८ साली पाडलं. प्रेक्षक तर येत होते, मग पैसा कुठे अडला?

उत्तर: कॉर्पोरेट बॉक्समध्ये, म्हणजे कंपन्या भाड्याने घेतात त्या खास बैठक-खोल्यांमध्ये. ते फारच थोडे होते. वर्षाचं भाडं आगाऊ मोजणारं गिऱ्हाईक तिथलंच. नुसत्या तिकिटांवर संघाचं भागत नाही. इथे खेळणारे दोन संघ निघून गेले: आधी आइस हॉकीचा पँथर्स, मग बास्केटबॉलचा हीट.

उत्तर: त्यात तारखांचं गणित बघा. बास्केटबॉलचे घरचे ४१ साखळी सामने, आइस हॉकीचेही ४१. अशा ८२ रात्री हातच्या गेल्या, मैफली-सर्कशींनी तेवढी भर निघत नाही.

उत्तर: खर्च मात्र हलत नाही! मायामीच्या दमट हवेत एसी बंद ठेवला की बास्केटबॉल कोर्टाच्या मेपल लाकडाच्या फळ्या फुगतात, सांधे उचलतात.