‘सेरिफ’ला मराठीत काय म्हणायचं? शिरोरेषा चालेल का?

दांडियाबाजारकर
मंडळी, एक अडलंय. आमच्याकडे बडोद्यात अक्षरांवर छोटं प्रदर्शन लागतंय, पाट्या इंग्रजी, गुजराती, मराठी अशा तिन्हींत, आणि मराठीचं काम माझ्या गळ्यात आहे. मोठी पाटी ‘सोर्स सेरिफ’ या फॉन्टवर आहे, अडोबीचा, फ्रँक ग्रिसहॅमर यांनी केलेला, २०१४ मध्ये आलेला. मी सेरिफला सेरिफच ठेवलं होतं. मजकूर तपासणाऱ्या काकांनी ते खोडून ‘शिरोरेषायुक्त अष्टपैलू टंक’ असं केलं. मी म्हटलं काका, शिरोरेषा अक्षरांच्या डोक्यावरून अख्ख्या शब्दावर जाते, आणि सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दांडीच्या टोकाला आलेली छोटीशी आडवी रेघ, ती वरही असते, खालीही असते. ते म्हणतात, आम्ही पूर्वीपासून हेच म्हणत आलोय. तुमच्यापैकी कोणी सेरिफला शिरोरेषा म्हटलेलं ऐकलंय का? आणि नसेल तर मी लिहू काय?

जुळाऱ्याची नात
मी तरी नाही ऐकलं. आजोबा छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवायचे, मराठी, गुजराती आणि इंग्रजी तिन्ही केस (खिळ्यांच्या पेट्या) त्यांच्या हाताखाली. शिरोरेषा म्हणजे देवनागरीचीच, त्यात घोळ नव्हता. दोन खिळ्यांच्या मध्ये ती रेघ तुटलेली दिसली की चिडायचे, मात्रा नि रफार झडलेला खिळा तर लगेच बाजूला. इंग्रजी काम आलं की फक्त टाइपाचं नाव घ्यायचे, टाइम्स लाव, बास्करव्हिल लाव, त्या टोकांना वेगळं नाव लागायचंच नाही.

वळणदार
काका अगदीच चूक आहेत असं मला वाटत नाही. वाचताना डोळा ओळीवर धरून ठेवायचं काम शिरोरेषा करते आणि इंग्रजीत तेच काम सेरिफ करतात असं म्हणतात. आणि उच्चार बघा, सेरिफ, शिर, शिरो! मूळ एकच असणार याची मला खात्री आहे, लॅटिन-संस्कृत बहिणीच आहेत.

रावपुरा
वळणदार, मूळ तसं नाही हो. हा शब्द बहुतेक डच ‘स्ख्रेफ’वरून आला असं कोशांत देतात, त्याचा अर्थ रेघ, आणि त्याचं नातं लिहिणे या अर्थाच्या डच क्रियापदाशी. सेरिफ नसलेल्या अक्षराला ‘सान्स सेरिफ’ म्हणतात, त्यातला ‘सान्स’ फ्रेंच, म्हणजे विना. शिराचा इथे काही संबंध नाही. आणि कामाचं म्हणाल तर शिरोरेषा अक्षराचा सांगाडा आहे, तिच्यावरून अक्षर खाली लोंबतं. सेरिफ काढून टाकलं तरी ए हा ए राहतो, पण शिरोरेषा काढली की भ आणि म, ध आणि घ यांत डोळे फोडावे लागतात.

शुद्धलेखन
मग सरळ ‘रेघ’ म्हणा ना! डच लोकांनी रेघेला रेघ म्हटलं तर आपल्याला लाज का? ‘तळरेघ’, ‘टोकरेघ’, काहीही घ्या पण मराठी घ्या. महापौर, दिनांक, क्रमांक हे शब्दसुद्धा कोणीतरी बसून घडवलेच, आज कोणाला अडतात? आणि तुम्ही बडोद्याचे, सयाजीरावांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ १९३१ साली निघाला, त्या गावातल्या माणसाने सेरिफ तसंच ठेवावं हे मला खरंच दुखतं.

दांडियाबाजारकर
शुद्धलेखन, तुमची कळकळ पोचली. पण ‘तळरेघ’ घेतली तर वरच्या सेरिफचं काय? तिला तळरेघ कसं म्हणू? ‘टोकरेघ’ मात्र मला आवडलं.

मांडवीची सून
आमच्या घरी सासूबाई इंग्रजी अक्षरं शिकवताना ‘आय (I) या अक्षराला पाय काढ’ म्हणायच्या, वर एक खाली एक. मग ‘पाय’ का नको? लहान मूलसुद्धा समजेल.

रावपुरा
ताई, ‘पाय’ नकोच. मराठीत ‘पाय मोडका क’ म्हटलं की हलन्त क, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. उद्या सान्स सेरिफला ‘पाय नसलेलं अक्षर’ म्हणाल आणि वाचणारा हलन्त समजेल.

वळणदार
मग सान्स सेरिफला ‘बोडका’ म्हणा. सुटसुटीत आहे.

जुळाऱ्याची नात
नको. बोडकी म्हणजे काय ते आपल्या आज्यांच्या पिढीने भोगलंय, तो शब्द पाटीवर मी वाचू शकणार नाही. ‘साधं’ म्हणा, ‘बिनटोकी’ म्हणा, पण हे नको.

वळणदार
हे मान्य. माझा शब्द मागे घेतो.

बोरू
मी अप्लाइड आर्ट शिकवतो, थोडं लांबेल. आधी शब्द ठरवू नका, ती गोष्ट आहे काय ते बघा. रोममधल्या ट्राजन स्तंभावरचा लेख इसवी सन ११३ च्या सुमाराचा, अक्षरं दगडात कोरलेली आणि सेरिफ तिथे अगदी घडीव आहेत. पूर्वी म्हणत की हे छिन्नीचं काम, दगडात रेघ नीट संपवायची म्हणून टोक आडवं करायचे. एडवर्ड कॅटिच नावाचे अमेरिकन पाद्री स्वतः सुलेखन करायचे, त्यांनी १९६८ च्या पुस्तकात मांडलं की अक्षरं आधी चपट्या कुंचल्याने रंगवली जायची आणि मग त्यावरून कोरायचे, कुंचला उचलताना जो हात वळतो त्यातून सेरिफ आली. म्हणजे ती हाताची सवय आहे, वरून चिकटवलेला दागिना नाही.

आता सोर्स सेरिफ. तो पियेर सिमों फूर्निये या अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या ठसेकाराच्या अक्षरांवरून घेतलाय, नक्कल नाही, वळण घेतलंय. दांडी सेरिफला मिळते तिथे काटकोन नसतो, थोडा उतार असतो, तो मोठा करून बघा, मुलांना मी आधी तोच दाखवतो. आणि अष्टपैलू का म्हणतात ते २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत कळतं. तिच्यात ऑप्टिकल साइझ आहेत, म्हणजे तळटीप, बारीक मजकूर, मजकूर, उपमथळा, मथळा अशा पाच कामांसाठी अक्षर वेगवेगळं काढलंय. नुसतं लहानमोठं केलेलं नाही. तळटिपेच्या अक्षरात बारीक रेघा मुद्दाम जाड, सेरिफ दणकट आणि अक्षरांमध्ये हवा जास्त, नाहीतर सहा-सात पॉइंटला छापलं की बारीक रेघ शाईत विरते. मथळ्याच्या अक्षरात तेच सेरिफ पातळ आणि धारदार, कारण तिथे जागा आहे. शिवाय सगळ्यात हलक्यापासून काळ्याकुट्टपर्यंत सहा वजनं. पाटीवर लिहायची गोष्ट ही आहे, आणि तुम्ही अडलात सेरिफच्या नावावर.

शुद्धलेखन
बोरू सर, नाव नसेल तर गोष्ट लोकांपर्यंत पोचणार कशी? तुम्हीच वर ‘वळण’ म्हणालात, ‘वजन’ म्हणालात, ते मराठीच आहे ना?

बोरू
आहेच, आणि ते आपोआप आलं कारण ते लोकांच्या तोंडी आहे. ‘टोकरेघ’ कोणाच्या तोंडी आहे? माझ्या वर्गातली मुलं सेरिफ म्हणतात, प्रेसमध्ये सेरिफ म्हणतात. जो शब्द रुळलाय त्याला उपरा म्हणून हाकलायचं माझ्याच्याने होणार नाही.

सुरसागर
मधेच विचारतो, मग आपल्या देवनागरीत सेरिफ असते की नसते? बोरूच्या लेखणीने लिहिलं की काना वर जाड आणि खाली तिरका कापल्यासारखा येतो, ते काय आहे?

बोरू
चांगला प्रश्न. ते बोरूच्या कापाचं वळण. देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमनच्या उलट बाजूने तिरकं कापतात, त्यामुळे जाड-बारीकही उलट दिशेला पडतं. फॉन्टवाले नावं देताना ‘नोटो सेरिफ देवनागरी’ म्हणतात, पण तिथे सेरिफ म्हणजे जाड-बारीक असलेलं पारंपरिक वळण इतकंच, रोमनसारखी टोकाची आडवी रेघ काही त्यात नाही.

मांडवीची सून
आणि गुजराती? त्यात तर शिरोरेषाच नाही. पण काना खाली उजवीकडे छान वळतो, माझ्या लेकीच्या वहीत ते वळण नसलं की बाई गुण कापतात. ते सेरिफ म्हणायचं का?

रावपुरा
ती सेरिफ नाही, तो हात पुढच्या अक्षराकडे निघालेला असतो. गुजराती आधी देवनागरीतच लिहायचे, निदान पोथ्या नि साहित्य, आणि ही बिनरेघेची ती व्यापाऱ्यांची, वाणियाशाई किंवा महाजनी म्हणायचे तिला. हिशेबाच्या चोपड्यांत भराभर लिहायचं म्हणून वरची लीटी, म्हणजे रेघ, गेली. मग ‘मुंबई समाचार’ १८२२ मध्ये निघाला, छपाई वाढली आणि तीच सगळ्यांची लिपी झाली.

वळणदार
आणि मोडी उलट! तिथे आधी पानभर रेघा आखून घ्यायच्या आणि मग अक्षरं खाली टांगायची. घाई दोघांनाही होती, एकाने रेघ टाकली, दुसऱ्याने आधीच मारून ठेवली. या विषयावर वेगळा धागा काढा कोणीतरी, माझ्याकडे आजोळची मोडी कागदपत्रं आहेत.

सुरसागर
काढाच. मला वाचता येत नाही पण बघायची आहेत.

दांडियाबाजारकर
अहो, माझी पाटी! छापायला द्यायची आहे. मी आता असं केलंय: ‘सोर्स सेरिफ या टंकातील अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा आहेत, त्यांना सेरिफ म्हणतात. तळटिपेपासून मथळ्यापर्यंत प्रत्येक आकारासाठी त्या जाड-बारीक करून नव्याने काढल्या आहेत.’ शिरोरेषा काढली. काका अजून मानत नाहीत.

शुद्धलेखन
‘टोकरेघ’ निदान एकदा तरी घाला. वापरला नाही तर रुळणार कुठून?

जुळाऱ्याची नात
वाक्य चांगलं झालंय, त्याला हात लावू नका. पण ‘अष्टपैलू’ गेला ते बरं झालं का? मला तो आवडला होता.

रावपुरा
अष्टपैलू माणूस असतो, हिरा असतो. अक्षराला ‘बहुउपयोगी’ म्हणा.

मांडवीची सून
बहुउपयोगी म्हटलं की मला तेलाची बाटली दिसते. ‘हरहुन्नरी’ कसा वाटतो?

शुद्धलेखन
हरहुन्नरी फारसी आहे.

बोरू
शाई आणि कागदसुद्धा बाहेरूनच आलेत, शुद्धलेखन. आणि दांडियाबाजारकर, पाटीवर देवनागरी कुठल्या फॉन्टात लावताय? सोर्स सेरिफमध्ये देवनागरी नाही, रोमन, ग्रीक नि सिरिलिकच आहे. जे लावाल त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते छापायच्या आधी बघून घ्या, हिंदी वळणाचा ल बडोद्यातल्या निम्म्या मराठी पाट्यांवर बसलाय.

दांडियाबाजारकर
सर, आत्ताच बघितलं. हिंदीचाच ल आहे. मराठी ल असलेला, सोर्स सेरिफशेजारी जाड-बारीक जुळेल असा एखादा सांगा ना.