समुद्राजवळ डिशचा बॉक्स : पत्र्याची बॉडी की प्लास्टिक? आणि पंखा लावू का?

तारकर्ली_न्याहारी

नमस्कार मंडळी. तारकर्लीत घर आहे, मागच्या चार खोल्या पर्यटकांना देतो. किनारा इतका जवळ की खिडकीच्या गजांना दर दिवाळीला रंग मारला तरी गंज काय सुटत नाही. प्रत्येक खोलीत डीडी फ्री डिशचा बॉक्स आहे आणि प्रॉब्लेम असा की हे बॉक्स टिकतच नाहीत, गणपतीच्या आधी एखादा तरी जातोच. कधी चालूच होत नाही, कधी लाल लाईट लुकलुकत बसते, कधी सगळं चालू पण सिग्नल शून्य. दुरुस्तीवाला म्हणतो हीट होऊन गेला, पंखा लावा.

आता नवीन घ्यायचेत, सॅम्पल म्हणून दोन आणून ठेवलेत. एक पत्र्याच्या बॉडीचा, जड, २३० व्होल्टची वायर थेट आत जाते, सप्लाय आतच. वर आणि खाली हवेसाठी भोकं, मेन चिपवर उष्णता खेचून घेणारा छोटा ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवलाय. दुसरा प्लास्टिकचा, तळहाताएवढा, १२ व्होल्टचा ॲडाप्टर बाहेर. हा उघडून बघितला तर चिपवर काहीच नाही, आणि ट्यूनरवर (सिग्नल पकडायचा भाग) पहिल्यासारखी पत्र्याची डबी पण नाही. किंमतीत फार फरक नाही.

तर कुठला घेऊ, आणि लॅपटॉपखाली ठेवतात तसला यूएसबी पंखा लावून उपयोग होईल का? एलएनबी (डिशच्या समोर दांड्यावर असतो तो सिग्नल घेणारा डबा) आणि डिश पण बदलायच्याच आहेत, त्याबद्दल पण सांगा कोणीतरी.

सावंतवाडीचो_वायरमन

पंखो लावू नको रे बाबा. पंखो वारो घेवन येता आनि वाऱ्याबरोबर खार. बाकी संध्याकाळी लिवतंय, आता शिडयेर आसंय.

गुहागरची_सून

पंखा नको याला माझं पण अनुमोदन. मी लग्नाआधी पुण्यात सर्व्हिस सेंटरला होते, तिथे यायचे ते बॉक्स आणि इथे सासरी शेजारपाजारचे लोक आणून देतात ते बॉक्स यांचं मरण वेगवेगळं असतं. तिकडे धूळ आणि उष्णता, इकडे मीठ.

मीठ हवेतलं पाणी ओढतं हे पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघितली तरी कळतं, पण त्याला आकडा आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ नुसतं ओलसर राहत नाही, विरघळून त्याचं पाणीच होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. आता पंख्याने तुम्ही हवा खेचून बोर्डावरून फिरवलीत, तिच्यातलं मीठ बोर्डावर बसलं, ते ओलं झालं, आणि त्या बोर्डावर ३.३ व्होल्ट, १२ व्होल्ट, १८ व्होल्ट असे डीसीचे ट्रॅक एकमेकांना चिकटून धावतायत. मग तांबं खाल्लं जातं, हिरवं पडतं, आणि बॉक्स एक दिवस 'आपोआप' जातो.

उलट थोडी ऊब इथे फायद्याची आहे. बाहेर २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता असेल आणि बॉक्सच्या आत त्याहून १० डिग्री जास्त असेल तर आतली आर्द्रता जवळजवळ अर्ध्यावर येते, पन्नासच्या आसपास. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक नाही म्हणून खोल्या बंद करून मेन स्विच पाडून ठेवता ना, बॉक्स तेव्हा मरतात. चार वॅट खाऊ देत, स्टँडबायला ठेवा.

पण याचा अर्थ उष्णता चांगली असा नाही हां. आतले जे गोल नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात, त्यांचं आयुष्य दर १० डिग्रीला ढोबळमानाने निम्मं होतं. १०५ डिग्री रेटिंगचा, २००० तासांचा कपॅसिटर ६५ डिग्रीत चालला तर ३२ हजार तास, म्हणजे सतत चालू ठेवला तरी साडेतीन वर्षं. तोच ८५ डिग्रीवाला घातला असेल तर ८००० तास, वर्षसुद्धा नाही. लाल लाईट लुकलुकते तो बॉक्स उघडून बघा, सप्लायच्या भागातल्या कपॅसिटरची डोकी फुगलेली असतील. रेटिंग अंगावरच छापलेलं असतं. बिल्ड क्वालिटी बघायची ती ही, वजन नाही.

तुमच्या दोन बॉक्सपैकी मी प्लास्टिकचा घेईन. सप्लायची उष्णता ॲडाप्टरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या बाहेर, आणि गेला तर ॲडाप्टर बदलायचा, बॉक्स नाही. चिपवर हीटसिंक नाही तर लावा, चिपच्या मापाचा छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा थर्मल टेप लावूनच मिळतो. ट्यूनरच्या डबीची काळजी करू नका, ती थंडाव्यासाठी नसतेच, बाहेरचे सिग्नल आत घुसू नयेत म्हणून असते. आताचे ट्यूनर म्हणजे एक नखाएवढी चिप असते, बरेच जण डबी न लावताच देतात.

पत्र्याच्या बॉक्समध्ये पत्रा आहे म्हणून थंडावा मिळतो असं नाही, चिप आणि पत्रा यांच्यामध्ये थर्मल पॅड असेल तरच पत्रा उष्णता घेतो. बहुतेकांत मध्ये हवाच असते. आणि वरची भोकं म्हणजे पालींना आमंत्रण.

दर्याकाठ_हर्णै

वहिनी तुमचं आर्द्रतेचं गणित पटलं पण प्लास्टिकच्या बॉक्सला माझा विरोध आहे. त्यांनी सिग्नल शून्य लिहिलंय त्याच्याकडे बघा. प्लास्टिकच्या बॉक्सला केबल लावायचा सॉकेट फक्त बोर्डावर सोल्डर केलेला असतो, पत्र्याच्या बॉक्सला तो मागच्या पत्र्याला नटाने आवळलेला असतो. डिशची आरजी-६ केबल ताठ असते, गिऱ्हाईक टीव्ही इकडे तिकडे फिरवणार, पोरं बॉक्स ओढणार, आणि सगळा जोर त्या सोल्डरवर. बारीक तडा गेला की आज सिग्नल आहे उद्या नाही, आणि लोक वर डिश हलवत बसतात. हॉटेल-लॉजला तर पत्र्याचाच बॉक्स पाहिजे.

सप्लाय आत आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त तो कुठे बसवलाय ते बघा. ट्रान्सफॉर्मर आणि डायोडला चिकटूनच कपॅसिटर उभे केले असतील तर तो बॉक्स नको, अंतर ठेवलं असेल तर बिनधास्त घ्या. आणि दुकानात मिळणारे ॲडाप्टर काय दर्जाचे असतात माहितीय ना, अंगावर २ अँपिअर छापतात आणि लोड टाकला की १२ चे ९ व्होल्ट होतात, आणि आपण म्हणतो बॉक्स हँग होतो.

गुहागरची_सून

सॉकेटचा मुद्दा मान्य आहे भावोजी. पण त्याला उपाय सोपा आहे, भिंतीवर एक जॉइंटर पक्का करायचा आणि तिथून बॉक्सपर्यंत हातभर बारीक, मऊ केबल. जोर भिंतीवर येतो. कपॅसिटर शिजण्याला एवढा स्वस्त उपाय नाही.

तारकर्ली_न्याहारी

तुमचं वाचून काल मेलेला एक पत्र्याचा बॉक्स उघडला. वरच्या भोकांच्या बरोबर खाली पालीच्या अंड्यांची टरफलं, आणि केबलच्या सॉकेटच्या मागे तांब्यावर हिरवा बुरा, नखाने खरवडला तर खालचा ट्रॅकच निघून आला. फुगलेला कपॅसिटर एकच आहे, त्यावर ८५ लिहिलंय. म्हणजे दोघांचंही बरोबर? 😅

गुहागरची_सून

बरोबर असो नसो, पत्र्याचा बॉक्स उघडताना वायर काढून थोडा वेळ थांबत जा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत डीसी असतं आणि वायर काढली म्हणून ते लगेच जात नाही.

सावंतवाडीचो_वायरमन

आलो. सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

तुम्ही सगळे बॉक्सच धरून बसलात, मला विचाराल तर निम्मा दोष छपरावर असतो. बॉक्स केबलमधून वर एलएनबीला सप्लाय देतो, १३ व्होल्ट दिले तर व्हर्टिकल म्हणजे उभ्या लहरींचे चॅनेल, १८ दिले तर हॉरिझॉन्टल म्हणजे आडव्या लहरींचे. चांगला एलएनबी शंभर-दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. त्यात किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की जास्त घ्यायला लागतो आणि तो जास्तीचा बोजा बॉक्समधला व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर सोसतो, तो भाजून निघतो. पंखा लावून काय होणार. बॉक्स फार गरम लागतोय ना, मागची केबल काढा आणि अर्धा तास नुसता चालू ठेवा. थंड पडला तर बॉक्स चांगला आहे, वर चढा.

वर चढल्यावर पहिलं कनेक्टर बघायचं. आपल्या भागात फ्री डिशची डिश आग्नेयेकडे तोंड करून असते, उपग्रह ९३.५ पूर्वेला आहे जीसॅट-१५, म्हणजे समुद्राकडे डिशची पाठ. तोंड वर्षानुवर्षं चकचकीत दिसतं आणि मागे क्लँपचा भुगा झालेला असतो. खालून बघून कोणाला कळत नाही, मग एखाद्या वावटळीत डिश माडावर. नट-बोल्ट स्टेनलेसचे टाका, चुकूनमाकून पॉलिश केलेले लोखंडी नको, क्लँप गॅल्व्हनाइज्ड घ्या, बोल्टला ग्रीस लावा.

कनेक्टर हाताने पिळून बसवायचा येतो तो अजिबात नको, कॉम्प्रेशनचा, म्हणजे टूलने दाबून बसवायचा घ्या, त्यावर रबरी बूट आणि वरून ताणून गुंडाळायची सेल्फ-ॲमलगमेटिंग टेप, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी. साधी काळी इन्सुलेशन टेप पहिल्या उन्हाळ्यात सुटते आणि मग पाणी आत जातं ते आतच राहतं, बाहेर पडत नाही. केबलमधल्या तारेवर सतत डीसी असतं म्हणून पाण्याचा थेंब लागला की हिरवी पूड. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून पडेल, भिंतीतून आत येणार नाही.

एलएनबी घेताना डब्यावर ०.१ डीबी (एलएनबीची स्वतःची खरखर किती कमी ते) लिहिलंय याला भुलू नका, सगळेच तेच छापतात. हातात घेऊन बघा, बॉडी ओतीव धातूची आहे का, तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण रबरी रिंगवर घट्ट बसलंय का, कनेक्टरवर खाली ओढायची टोपी आहे का. झाकणाला तडा गेला की कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि सिग्नल संपला. चार खोल्यांना चार डिश कशाला, एकच ९० सेंटीमीटरची डिश आणि चार आउटपुटचा एलएनबी घ्या. ६० पेक्षा सिग्नलचे साडेतीन डीबी, म्हणजे दुपटीहून जास्त मिळतात, आषाढात तेवढेच उपयोगी पडतात. आणि छपरावर गंजायला एकच लोखंड.

बॉक्सचं म्हणाल तर माझं मत पत्र्याचा, पण भोकं बाजूला असलेला. वरची असतील तर बारीक नायलॉनची जाळी चिकटवा. आणि टीव्हीच्या मागे, कपाटात, दुसऱ्या बॉक्सवर ठेवू नका, भिंतीवर ब्रॅकेट मारून मोकळा ठेवा.

पांढरी_डिश

यात भर म्हणून, डिशला गंज दिसला की घरचा रंगारी उरलेला चंदेरी रंग मारून टाकतो, तसं करू देऊ नका. डिश मुद्दाम मॅट रंगाची असते. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबर संपताना काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास, तेव्हा तसाही सिग्नल काही मिनिटं जातो. चकचकीत डिश असेल तर सगळं ऊन एलएनबीच्या तोंडावर गोळा होतं. आमच्या वाडीत एकाच्या एलएनबीचं झाकण वितळून मेणबत्तीसारखं ओघळलं होतं, तो कंपनीला शिव्या घालत होता.

तारकर्ली_न्याहारी

वायरमनदादा, केबल काढून बघितली, दोन खोल्यांचे बॉक्स खरंच थंड पडले. रविवारी शिडी लावतो. एकच शंका, वहिनी म्हणतात बॉक्स चालू ठेवा, आणि घरी आई म्हणते विजा चमकल्या की सगळं बंद कर. कोणाचं ऐकू?

गुहागरची_सून

आईंचं ऐका. पण बघा, विजा आपल्याकडे मुख्यतः मे-जूनच्या वळवात आणि पुन्हा ऑक्टोबरात, भर जुलै-ऑगस्टात नुसता पाऊस असतो. तेव्हा ठेवा चालू.

सावंतवाडीचो_वायरमन

आनि नुसतो प्लग काढून भागाचा नाय, मागची केबल पण काढूक होयी. वीज वरसून केबलीतसून येता.